नानांची रेघ

सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी भाताची पेज गाळून थर्मासमध्ये भरत होते. नाना पाच दिवस दवाखान्यात होते आणि तिथलं सूप त्यांना घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून रोज घरून पेज जायची. वरून जिऱ्याची फोडणी, मीठ बेताचं. मंदारदादा आदल्या दिवसापासून तिथंच थांबले होते, त्यामुळे थर्मास स्वातीवहिनी नेणार होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा म्हणाले, "शालनताई, नानांचा डबा करू नका आज." मला वाटलं डॉक्टरांनी खायला बंद केलं असेल. मी विचारलं, मग दुपारी पाठवू का? दादा म्हणाले, "नाही. आता नको डबा." तेव्हा मला कळलं. थर्मासचं झाकण हातातच होतं. ते मी घट्ट लावलं आणि थर्मास ओट्यावर ठेवला. दिवसभर माणसं आली, गेली, जबल अलीच्या स्मशानात नेलं, सगळं झालं. संध्याकाळी भांडी आवरताना थर्मास उघडला, तर पेज अजून कोमट होती.

त्याला सव्वा महिना झाला. मी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लेख येतात, ते मी नानांना मोबाइलवरून वाचून दाखवायची. त्यांत लोक फार छान छान लिहितात. नाना ऐकून म्हणायचे, मेल्यावर माणूस किती गुणी होतो बघ. मी चौथीपर्यंत शिकले. माझं अक्षर बरं आहे, एवढं एकच गुरुजी चांगलं म्हणायचे. पण नानांच्या वहीत शेवटची अठरा पानं कोरी आहेत, आणि त्या वहीत मी एक चूक करून ठेवली आहे. ती चूक दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. म्हणून त्याच वहीत लिहिते आहे.

नाना म्हणजे मंदारदादांचे वडील, स्वातीवहिनींचे सासरे. दुबईच्या अल मनखूल भागातल्या या घरात मी अकरा वर्षं स्वयंपाकपाणी बघते. मी आले तेव्हा ईरा, म्हणजे दादांची मुलगी, तीन वर्षांची होती आणि नाना मुंबईलाच होते. ईराची आजी गेल्यावर दादांनी त्यांना इकडं आणलं. त्यांच्या तीन बॅगा आल्या. त्यातल्या एकीत कपडे होते आणि दोन बॅगांत पुस्तकं, कात्रणं, झेरॉक्सचे गठ्ठे. सगळ्यांवर उघड्या अंगाच्या, मुठी वळलेल्या माणसांची चित्रं. मला आधी भीतीच वाटली. एवढा शांत म्हातारा आणि हे काय वाचतो?

नाना मुंबईच्या गोदीत कारकून होते. तरुणपणी गोदीजवळच्या एका क्लबात बॉक्सिंग शिकायला जायचे. किती लढती खेळलात, असं कुणी विचारलं की सांगायचे, दोन. एक हरलो. दुसरी जिंकलो, कारण समोरचा आलाच नाही. हे सांगून स्वतःच पहिल्यांदा हसायचे. मग खेळणं सुटलं, पण नाद सुटला नाही. माणसं पैजेसाठी, बक्षिसासाठी एकमेकांशी मारामारी करायला कधी लागली, हातमोजे कधी आले, कुस्तीची तिकिटं कधी लागली, जत्रेतली कुस्ती तंबूत कशी गेली आणि तंबूतली खोटी कधी झाली… हे सगळं त्यांनी चाळीस वर्षं गोळा केलं होतं. मराठीत असं पुस्तक नाही, ते मी लिहिणार, असं ते म्हणायचे. नाव पण ठरलं होतं. 'मुठी आणि माती'.

पण लिहायला बसले तोवर डोळे गेले. अगदी आंधळे नव्हते झाले. मधलं दिसायचं नाही, कडा दिसायच्या. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नाही, पण त्याच्या मागची खिडकी दिसायची. म्हणून कुणाकडे बघायचं झालं तर ते मान वळवून, पक्ष्यासारखे कडेनं बघायचे. नवीन माणसाला वाटायचं म्हातारा तोंड फिरवतो आहे. दादांनी बोललेलं आपोआप टाइप होणारं काहीतरी फोनवर घालून दिलं, पण त्याला नानांचं मराठी समजेना. ईराला बसवलं, तर ती म्हणाली, "नाना, आय कॅन टाइप इट इन इंग्लिश." नाना म्हणाले, इंग्लिशमध्ये ढीग पडलेत बाळा, त्यात माझं कशाला.

माझा यात संबंध आला तो एका डावामुळे. दुपारची जेवणं झाली होती, मी टेबल पुसत होते आणि नाना एकटेच बोलत होते. त्यांना अशी सवय होती. जुन्या काळचे इंग्लंडचे मुठीवाले नुसत्या बुक्क्या मारत नसत, पकडून कंबरेवरून आपटत पण असत. त्या आपटण्याला मराठीत काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं. हातानं दाखवत होते, एक हात मानेभोवती, कंबर आत घालायची आणि फेकायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती ढाक की, नाना." ते एकदम मान वळवून माझ्याकडे कडेनं बघायला लागले. तुला कसं माहीत? मी सांगितलं, माझा थोरला भाऊ तालमीत होता. आमच्याकडे बायकांनी कुस्तीच्या हौद्याजवळ जायचं नसतं, पण शेजारच्यांच्या माळवदावरून मैदान दिसायचं. हलगी वाजली की मी भाकरी टाकून वर पळायची आणि आईचा मार खायची. त्या दिवशी नानांनी मला खुर्चीवर बसायला लावलं. मी या घरात टेबलाशी पहिल्यांदा बसले ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी वही आणली. जाड पुठ्ठ्याची, मोठी. रोज दुपारी दोन ते साडेतीन आमचं लिहिणं चालायचं. नाना सांगायचे, मी लिहायची, आणि परिच्छेद संपला की ते म्हणायचे, "वाच." मी वाचायची. कुठं अडखळले तर म्हणायचे, तू अडलीस म्हणजे वाक्य वाईट आहे, बदल. माझ्या अडखळण्याला असा मान कुणी दिला नव्हता. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले होते. पेन थांबलं की लगेच कळायचं. "का थांबलीस? पटलं नाही की झोप आली?"

त्यांनी मला काय काय सांगितलं… दोनशे-तीनशे वर्षांमागं इंग्लंडात ही मारामारी कायद्यानं बंद होती, तरी माणसं लांब कुठल्यातरी माळावर जमायची, दोर बांधून चौकोन करायची, आणि पोलीस आले की दोर-खुंट्या उपटून शेजारच्या जिल्ह्यात पळायची आणि तिथं पुढची लढत लावायची. हे ऐकून मी हसले, म्हटलं आमच्याकडे कोंबड्यांच्या झुंजीचं असंच असतं. लंडनला कधीकाळी बायका पण मुठीनं लढायच्या. त्यांनी ओरबाडू नये म्हणून दोन्ही मुठींत एकेक नाणं धरायला देत. जिच्या हातातून नाणं आधी पडलं, ती हरली. त्या रात्री झोपताना मी मूठ मिटून बघितली होती. आणि आपल्याकडचे मल्ल बोटीत बसून तिकडं गेले होते, त्यांच्याशी जोड धरायला कुणी पुढं येईना म्हणून महिनोन्महिने बसून राहिले, थंडीत तूप गोठायचं त्यांचं. मग तंबूतले पैलवान. हा बघा राक्षस, याच्यापुढं दहा मिनिटं टिकून दाखवा, असं ओरडायचं आणि गर्दीतून पुढं येणारा पहिला भिडू तंबूवाल्याचाच असायचा. मी म्हटलं, म्हणजे नुरा कुस्ती. नाना म्हणाले, शालन, तू दहावी शिकली असतीस तर मला कामच उरलं नसतं.

मागच्या वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालायचे आणि जिभेला जडपणा आला. घरी व्यायाम करून घ्यायला केरळची एक सिस्टर यायची. तिनं नानांच्या खोलीपासून स्वयंपाकघराकडे येणाऱ्या पॅसेजमध्ये फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. वॉकर सोडायचा आणि तिथपर्यंत यायचं. "नाना, लाइन तक आना है. यल्ला." यल्ला म्हणजे चला, इकडं सगळेच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांना जमलं नाही, निम्म्यात खुर्चीत बसवावं लागलं. बसल्या बसल्या ते हसायला लागले. सिस्टर घाबरली. मला म्हणाले, "शालन, तिला सांग, जुना नियम आहे हा." मग त्यांनी मला सांगितलं आणि मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला सांगितलं. तेव्हा घड्याळ लावून फेऱ्या होत नसत. एकजण खाली पडला की फेरी संपली. मैदानाच्या मध्ये एक रेघ ओढलेली असायची. पडलेल्याला अर्धा मिनिट मिळायचं. तेवढ्यात उठून, आपल्या पायांनी चालत त्यानं त्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं. आला तर लढत पुढं चालू, नाही आला तर हरला. मार किती खाल्ला याचा हिशेब नाही, रेघेवर आलास का एवढंच विचारायचं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या चिकटपट्टीचं नाव रेघ पडलं. ईरा शाळेतून आली की ओरडायची, "नाना, डिड यू कम टू रेघ टुडे?" संध्याकाळी मंदारदादा ऑफिसमधून आले की बूट काढायच्या आधी पॅसेजच्या टोकाला उभे राहायचे आणि नाना त्यांच्याकडे चालत यायचे. दादा अर्धा मिनिट मोजायचे, पण फार सावकाश मोजायचे. नाना म्हणायचे, लबाडी करू नकोस, नीट मोज.

याच दिवसांत ते प्रकरण लिहिलं, ज्याच्याबद्दल मला हे सगळं लिहायचं आहे. त्या जुन्या लढतींत प्रत्येक लढवय्याच्या कोपऱ्यात दोन माणसं असायची. एक पाण्याची बाटली धरणारा. आणि दुसरा, गुडघा देणारा. तेव्हा बसायला स्टूल नव्हतं. फेरी संपली की हा दुसरा माणूस एक पाय दुमडून जमिनीवर बसायचा आणि आपला गुडघा पुढं करायचा, लढवय्या त्या गुडघ्यावर बसून अर्धा मिनिट दम घ्यायचा. कधी कधी लढत दोन-दोन तास चालायची. साठ-सत्तर वेळा तो माणूस असा बसायचा. हे सांगून झाल्यावर नाना थांबले. मग त्यांनी लिहायला सांगितलं, "ज्याच्या गुडघ्यावर तो बसे, त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही." मी लिहिलं. आणि लगेच ते पुढं म्हणाले, "पण ही वही जिनं लिहिली, तिचं नाव मी लिहून ठेवतो. तिचं नाव शालन. माझे डोळे गेल्यावर मी तिच्या गुडघ्यावर बसून ही लढत खेळलो."

माझा हात थांबला. आपलं नाव, आपल्याच हातानं, त्यांच्या पुस्तकात कसं लिहायचं? दादा-वहिनी वाचतील. त्यांची ओळखीची माणसं वाचतील. म्हणतील, म्हातारा बोलला असेल काहीतरी, पण या बाईनं लिहून पण घेतलं… चौथी शिकलेली. माझं पेन वाजेना म्हणून नानांनी मान वळवली. म्हणून मी घाईनं लिहायला लागले. काय लिहिलं? आधीचंच वाक्य परत लिहिलं. नुसता पेनाचा आवाज व्हावा म्हणून. ज्याच्या गुडघ्यावर तो बसे, त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. नाना म्हणाले, "वाच." आणि मी वाचलं. वहीत नव्हतं ते, त्यांनी सांगितलेलं तोंडपाठ म्हणून दाखवलं, माझ्या नावासकट. एकदाही अडखळले नाही. नाना म्हणाले, वा, चांगलं झालंय.

इथल्या मराठी माणसांचा एक वाचनाचा गट आहे. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतात. त्यांनी नानांना बोलावलं, तुमच्या पुस्तकातलं काही ऐकवा. नानांची जीभ जड, म्हणून ते मला म्हणाले, तू वाच, अक्षर तुझंच आहे. मी नको म्हटलं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. त्यांनी तीनदा विचारलं, मी तिन्ही वेळा नको म्हटलं. मग मंदारदादा म्हणाले, मी वाचतो. कुठलं प्रकरण वाचायचं ते नानांनीच ठरवलं. गुडघा देणाऱ्याचं. मला तेव्हाच ते न लिहिलेलं वाक्य आठवलं. पण मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या प्रकरणात एक वाक्य नाही आलं तर कुणाच्या लक्षात येणार आहे?

दुबई मरिनाला विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर गटातल्या एकाचं घर होतं. पंचवीसेक माणसं होती. मी मागं चहाच्या टेबलाशी उभी होते, साबुदाणेवड्यांचे डबे माझ्याकडे होते. नानांनी पांढरा सदरा घातला होता आणि काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. दादांनी छान वाचलं. माणसं मन लावून ऐकत होती, मधे मधे हसत होती. ते वाक्य आलं, तसे नाना जरा पुढं सरकले आणि त्यांनी मान वळवली. मला शोधत होते. मी त्यांच्या कडेच्या नजरेत यावं म्हणून ते अंदाजानं वळले होते. दादांनी वाक्य वाचलं. वहीत परत तेच वाक्य दिसलं म्हणून क्षणभर अडखळले, आणि एक ओळ सोडून पुढच्या परिच्छेदावर गेले. नानांची मान तशीच वळलेली राहिली… बराच वेळ. मी डब्याचं झाकण काढलं, लावलं, काढलं. टाळ्या वाजल्या तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते कुणाकडे बघतायत ते कुणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि पॅसेजमधून त्यांचा आवाज आला. दादांना विचारत होते.

"ते वाक्य का गाळलंस?"

"कुठलं वाक्य, नाना?"

"तुला माहीत आहे."

"नाही हो. जे लिहिलंय ते वाचलं मी."

नाना जड जिभेनं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "कामाच्या बाईचं नाव घ्यायला लाज वाटली तुला. लोकांसमोर."

मला वाटलं आता दादा वही उघडतील, दाखवतील. पण ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सॉरी नाना. राहून गेलं माझ्याकडून." मी नळ सोडून ठेवला होता. धुवायला काही नव्हतं. स्वयंपाकघरापासून त्या रेघेपर्यंत माझी सहा पावलं होतात, रोज फरशी पुसते म्हणून मला माहीत आहे. मी गेले नाही.

त्यानंतर नाना संध्याकाळी दादांकडे चालत येईनात. दादा बूट न काढता पॅसेजच्या टोकाला उभे राहायचे आणि नाना आतून म्हणायचे, आज पाय दुखतो. सिस्टर आली की मात्र चालायचे. दादा रोज जाऊन त्यांच्याजवळ बसायचे, पण त्यांचं बोलणं पण बदललं होतं. काय नाना, जेवलात का, छान छान, औषध घेतलं का, शाब्बास. लहान मुलाशी बोलावं तसं. ते मला ऐकू यायचं आणि कारण कळायचं नाही. नाना एकदा मला म्हणाले, "बघ, कसा बोलतो माझ्याशी. चोरी पकडली गेली ना त्याची, म्हणून गोड बोलतो." मग म्हणाले, माझा मुलगा असा निघेल असं वाटलं नव्हतं मला. तेव्हा मी हातातली वाटी खाली ठेवली. "नाना, दादांची चूक नाही…" एवढंच म्हणाले. त्यांनी हात वर केला. "त्याची बाजू घेऊ नकोस. तू अशीच. स्वतःचं सोडून सगळ्यांची बाजू घेतेस." त्यांना माझ्या भित्रेपणात चांगुलपणा दिसत होता. मला पुढचं एक वाक्य बोलायचं होतं, नाना, मी लिहिलंच नव्हतं. एवढंच. पण मी वाटी उचलली आणि म्हटलं, ताक आणते.

असे तीन आठवडे गेले. दुपारचं लिहिणंही बंद होतं. नाना म्हणायचे, जरा थांबू. मग एके दिवशी सकाळी त्यांना धाप लागली, अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून नेताना ते लोक पटकन रेघ ओलांडून गेले. दवाखान्यात मला दोनदा जाता आलं. दुसऱ्या वेळी नाकातोंडावर नळ्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी मान वळवली, म्हणजे मला बघितलं. माझ्याबरोबर दादा होते. दादांनी त्यांच्या पायावर हात ठेवला होता. नानांनी पाय हलवला नाही, पण मान दादांच्या बाजूला वळली पण नाही. सांगायची अजून एक संधी होती, खोलीत आम्ही तिघंच होतो… मी पेजेचं मीठ बरोबर आहे का एवढं विचारलं.

दिवसकार्य झालं, दादा अस्थी घेऊन मुंबईला जाऊन आले. घर पुन्हा रोजच्यासारखं चालायला लागलं. मला वाटलं होतं, काही दिवसांनी हे मनातून जाईल. उलट झालं. फरशी पुसताना पोछा त्या पट्टीपाशी आला की हात थांबायचा. वहिनींनी काढायला सांगितली नाही, मी विचारलं नाही. पट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते मी रोज अंगठ्यानं दाबून बसवायची.

गेल्या रविवारी वहिनी ईराला घेऊन बाहेर गेल्या होत्या. दादा हॉलमध्ये नानांचे कागद लावत बसले होते. वही त्यांच्यासमोर होती. मला म्हणाले, शालनताई, हे कुणाकडून तरी पुस्तक करून घेऊ, तुमची मदत लागेल, काही ठिकाणी चुका आहेत. मी विचारलं, कुठं? त्यांनी पान उघडलं. "हे बघा, इथं एकच वाक्य दोनदा लिहिलंय."

मी पॅसेजमध्ये उभी होते, पोछ्याची काठी हातात. तिथूनच सांगितलं. खाली बघून सांगितलं, पण सगळं सांगितलं. नाना काय बोलले होते, मी काय लिहिलं, काय वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी मी नळ का सोडला होता. दादा ऐकत होते. वहीवरून त्यांनी नजर काढली नाही. मला वाटलं रागावतील, ते मला चाललं असतं. ते म्हणाले, "म्हणजे ते वाक्य होतं."

मी म्हटलं, होतं दादा.

"मला वाटलं नानांचं डोकं चालेनासं झालं." ते हळू बोलत होते, स्वतःशीच बोलल्यासारखं. वहीत नाही ते ऐकू येतंय यांना, असं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होऊ शकतं. म्हणून वाद घातला नाही. जे म्हणतील त्याला हो म्हणायचं ठरवलं. "तीन आठवडे मी त्यांच्याशी एक सरळ वाक्य बोललो नाही, ताई. आणि ते अगदी शुद्धीत होते."

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. दादा उठले आणि पॅसेजमध्ये येऊन माझ्यासमोर फरशीवर बसले. त्यांनी मला क्षमा केली असं मी लिहिणार नाही. तसं ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही. त्यांनी मला वही दिली आणि खिशातलं पेन काढून दिलं. म्हणाले, लिहा. मी त्या दुसऱ्यांदा लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि वर, मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात नानांचं वाक्य लिहिलं. जागा कमी पडली म्हणून ते समासात वळवावं लागलं. माझं नाव अगदी कडेला आलं. नानांना दिसलं असतं, तिथं.

मग दादा म्हणाले, "वाचा."

नानाही असंच म्हणायचे, फक्त 'वाच' म्हणायचे. मी वाचलं. पहिल्या वेळी मी न अडखळता म्हटलं होतं, या वेळी माझ्या नावापाशी अडले. परत वाचलं, परत अडले. नाना असते तर म्हणाले असते, तू अडलीस म्हणजे वाक्य वाईट आहे, बदल. दादा त्या पिवळ्या पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबत बसले होते. मी रोज दाबते तसंच. ते आता चिकटत नाही, पट्टी जुनी झाली आहे. आम्ही दोघंही ते बघत होतो… उद्या नवी आणतो, दादा म्हणाले.